‘प्रोरोग’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ: मुदत वाढवणे की सत्र संपवणे?

अक्षरवाट

शासनसंस्थांच्या इतिहासावरील एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे मराठी भाषांतर सध्या माझ्या हाती आहे आणि त्यातील ‘प्रोरोग’ या क्रियापदापाशी काम अडून राहिले आहे. रोमन प्रजासत्ताकावरील प्रकरणात एका सेनापतीचा अधिकार ‘प्रोरोग’ करण्यात आला असे वाक्य आहे, आणि तो सेनापती पुढेही लढतच राहिल्यामुळे तेथे मुदतवाढ हाच अर्थ संभवतो. चार प्रकरणांनंतर इंग्लंडचा राजा पार्लमेंट ‘प्रोरोग’ करतो, तेव्हा मात्र सभासद आपापल्या घरी जातात आणि कामकाज बंद पडते. एकाच क्रियापदाने एके ठिकाणी चालू गोष्ट लांबवावी आणि दुसऱ्या ठिकाणी चालू गोष्ट थांबवावी, हे कसे घडले असावे? माझ्याजवळच्या शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाखाली एक छापलेले आहेत, पण एकातून दुसरा कसा निघाला याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

दुसरी अडचण मराठीची आहे. तहकूब, स्थगित, संस्थगित, सत्रसमाप्ती, विसर्जित आणि बरखास्त असे अनेक शब्द समोर आहेत, त्यांपैकी काही एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात, आणि वर्तमानपत्रांत तर ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ एवढ्यावर सगळेच आटोपते. पाठ्यपुस्तकात तसे चालणार नाही. पार्लमेंटच्या संदर्भात यांपैकी कोणता शब्द अचूक ठरेल, आणि रोमन संदर्भातही तोच वापरण्याचा हट्ट धरावा की दोन वेगळे शब्द घ्यावेत, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

जाता जाता उच्चाराचेही सांगावे. आमच्या संपादकांच्या तोंडी ‘प्रोरोग्यू’ असा उच्चार आहे, आणि एका स्नेह्यांनी तर हा शब्द संस्कृतातील ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘रोग’ यांपासून आल्याचे छातीठोकपणे सांगितले आहे.

पुराणवस्तू

उच्चाराचे आधी उरकून घेऊ. शेवटचा ‘यू’ उच्चारायचा नसतो. ‘डायलॉग’ आणि ‘व्होग’ या शब्दांच्या इंग्रजी लेखनात शेवटी जी दोन मुकी अक्षरे असतात तीच येथेही आहेत, आणि ती फ्रेंच लेखनपद्धतीतून आलेली आहेत. म्हणून उच्चार ‘प्रोरोग’, आघात दुसऱ्या अवयवावर, आणि नाम ‘प्रोरोगेशन’.

रोगाशी या शब्दाचे काहीही देणेघेणे नाही. आपला ‘रोग’ हा मोडणे, पीडा देणे या अर्थाच्या ‘रुज्’ धातूपासून झालेला आहे, तर ‘प्रोरोग’ हा लॅटिनमधील ‘प्रोरोगारे’ या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आहे. आपल्या स्नेह्यांना संस्कृताशी नाते जोडायचेच असेल तर ते वेगळ्या वाटेने जोडता येईल, कारण ‘रोगारे’ याचा मूळ भाव मागण्यासाठी हात सरळ पुढे करणे असा धरून अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याला ज्या इंडो-युरोपीय धातूशी जोडतात, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘ऋजु’, म्हणजे सरळ, हा शब्दही आलेला आहे.

‘रोगारे’ म्हणजे विचारणे किंवा मागणे. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या साध्या क्रियापदातच दडलेले आहे, कारण रोममध्ये ते कायद्याचे पारिभाषिक क्रियापद बनलेले होते. रोममध्ये कायदा करायचा म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याने जमलेल्या नागरिकांना विचारायचे: नागरिकहो, आपली अशी इच्छा आहे का, आपण अशी आज्ञा करता का? या विचारण्यालाच ‘रोगातिओ’ म्हणत, आणि पुढे कायद्याच्या प्रस्तावालाही तेच नाव पडले. इसवी सनपूर्व १३१ मध्ये कायद्यांवरील मतदान गुप्त झाले आणि तोंडी उत्तराऐवजी मेण लावलेल्या पट्ट्या आल्या. अनुकूल मताच्या पट्टीवर ‘उती रोगास’, म्हणजे ‘आपण विचारता तसे होवो’, या शब्दांचे आद्याक्षर असे, आणि प्रतिकूल पट्टीवर ‘आंतीक्वो’, म्हणजे ‘जुने आहे तेच राहू द्या’, याचे. इसवी सनपूर्व ६३ च्या सुमाराला लुसियस कॅसियस लाँजायनस याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर टोगा ल्यालेला एक नागरिक पेटीत पट्टी टाकताना दाखवलेला आहे आणि बारकाईने पाहिल्यास त्या पट्टीवरील अक्षरसुद्धा वाचता येते. ते आपल्याला इंग्रजी ‘व्ही’सारखे दिसते, कारण लॅटिनमध्ये त्या काळी ‘उ’ आणि ‘व’ यांना एकच अक्षर होते.

आता ‘प्रो’ म्हणजे पुढे. एखाद्याचा अधिकार पुढे चालू ठेवावा काय, असे नागरिकांना विचारणे, म्हणजे ‘प्रोरोगारे’. रोमन कॉन्सलची, म्हणजे प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च निर्वाचित अधिकाऱ्याची, मुदत एका वर्षाची असे, आणि युद्धे काही पंचांग पाहून संपत नसत. इसवी सनपूर्व ३२७ चा कॉन्सल क्विंटस पब्लिलियस फिलो हा आजच्या नेपल्सच्या जागी असलेल्या ग्रीक वस्तीला वेढा घालून बसला होता आणि शहर हाती येण्याच्या बेतात असतानाच त्याचे वर्ष संपत आले. त्याला परत बोलावून नवा माणूस पाठवण्याऐवजी ट्रिब्यूनांनी, म्हणजे सामान्य नागरिकांच्या निर्वाचित प्रतिनिधींनी, लोकांसमोर प्रस्ताव ठेवला आणि ग्रीकांशी चाललेले युद्ध संपेपर्यंत फिलोने ‘कॉन्सलच्या जागी’ राहून काम पाहावे असे ठरले. अधिकार अशा रीतीने लांबवला जाण्याची ही पहिलीच वेळ होती, असे इतिहासकार लिव्ही याने नमूद केले आहे. पुढे ही अपवादात्मक सोय नित्याची झाली, लोकांना विचारण्याची पायरी गळून सिनेटच मुदत वाढवू लागली, आणि इसवी सनपूर्व ५५ मध्ये सीझरचा गॉलमधील अधिकार तर खास कायदा करून आणखी पाच वर्षांनी वाढवला गेला, त्यातून पुढे रोममध्ये यादवी झाली ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या पुस्तकातील रोमन वाक्यासाठी ‘मुदतवाढ’ हा शब्द निःशंकपणे घ्यावा.

अक्षरवाट

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. रोमपुरता उलगडा झाला. परंतु लांबवण्याच्या या क्रियापदाने पार्लमेंटची दारे बंद होऊ लागली ती केव्हा आणि कशी, हा प्रश्न उरतोच.

सह्यकडा

या वळणाची सुरुवात लॅटिनमध्येच झालेली आहे. कर्ज फेडण्याची मुदत वाढवून देण्यालाही लॅटिनमध्ये ‘प्रोरोगारे’ म्हणत. मुदत वाढली म्हणजे फेडीचा दिवस पुढे गेला. ऋणकोच्या दृष्टीने काहीतरी लांबले, धनकोच्या दृष्टीने काहीतरी पुढे ढकलले गेले, आणि व्यवहार मात्र एकच. ‘लांबवणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ हे दोन्ही अर्थ त्यामुळे एकाच वेळी या क्रियापदात नांदत होते आणि इंग्रजीत ते दोन्ही तसेच उतरले. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकात ज्युलिएटचे लग्न कशानेही ‘प्रोरोग’ होऊ शकत नाही असे म्हटले आहे, तेथे अर्थ पुढे ढकलण्याचा आहे. उलट ‘पेरिक्लीज’ नाटकातील नायक अन्न घेतो ते केवळ आपले दुःख ‘प्रोरोग’ करण्यापुरते, म्हणजे ते आणखी काही काळ चालावे म्हणून. एका पिढीच्या रंगभूमीवर दोन्ही अर्थ सुखाने चालत होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

पार्लमेंटपुरते पाहिल्यास मूळ भाव पुढे चालू ठेवण्याचाच होता, ही गोष्ट आपल्या भाषांतरात हरवता कामा नये. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाने सभासदांना निरोप दिला की ती पार्लमेंट संपे. पुन्हा गरज पडली की नवी बोलावणी आणि नवी निवड होई. राजाला तीच माणसे काही महिन्यांनी पुन्हा हवी असत, तेव्हा तो पार्लमेंट न मोडता ती पुढील अमुक दिवसापर्यंत ‘प्रोरोग’ करी. म्हणजे आयुष्य लांबवले जाई ते पार्लमेंटचे. त्या संध्याकाळी दारे बंद होत, ही त्या लांबवण्याची केवळ दृश्य बाजू होती. चौथ्या एडवर्डची १४७२ ची पार्लमेंट अशीच वारंवार लांबवली जाऊन १४७५ पर्यंत चालली, आणि आठव्या हेन्रीने १५२९ मध्ये बोलावलेली पार्लमेंट तर रोमच्या पोपशी असलेले संबंध तोडणारे सगळे कायदे करत १५३६ पर्यंत टिकली. कालांतराने लोकांच्या लक्षात राहिली ती बंद होणारी दारे.

सतराव्या शतकात या क्रियापदाला धार आली. १६२८ च्या जूनमध्ये कॉमन्सचे, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाचे, सभासद आयात-निर्यातीवरील जकातीबद्दल राजाविरुद्ध निषेधपत्र तयार करत असतानाच पहिल्या चार्ल्सने सत्र संपवून टाकले. त्याच्या मुलाने, दुसऱ्या चार्ल्सने, नोव्हेंबर १६७५ मध्ये पार्लमेंट तब्बल पंधरा महिन्यांसाठी ‘प्रोरोग’ केली. फेब्रुवारी १६७७ मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हा शाफ्ट्सबरी आणि बकिंगहॅम या विरोधी उमरावांनी असा मुद्दा मांडला की वर्षाला एक तरी पार्लमेंट भरलीच पाहिजे असे जुने कायदे सांगतात, त्यापेक्षा लांबलेली पार्लमेंट आपोआप विसर्जित झाली आहे आणि समोर भरलेली ही सभा बेकायदा आहे. मुद्दा चातुर्याचा होता. त्याचे बक्षीस म्हणून दोघांना आणखी दोन उमरावांसह टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत जावे लागले. पण लांबवणे कोठे संपते आणि मोडणे कोठे सुरू होते, हा आपल्याला पडलेला प्रश्न तेव्हा साक्षात राजापुढे टाकला गेला होता.

सत्रसमाप्तीने नेहमी गळाच दाबला जातो असेही नाही. १९४८ मध्ये ॲटली सरकारला उमरावांच्या सभागृहाची अडवण्याची ताकद कमी करणारे विधेयक संमत करून घ्यायचे होते. १९११ च्या कायद्यानुसार असे विधेयक कॉमन्सने लागोपाठच्या तीन सत्रांत संमत करावे लागे, म्हणून सरकारने सप्टेंबर आणि ऑक्टोबर यांच्या दरम्यान एक लुटुपुटीचे सत्र भरवले आणि लगेच संपवले. तेथे प्रोरोगेशनचा उपयोग सत्रांची संख्या वाढवण्याकडे झाला.

अलीकडे हा शब्द घरोघरी पोहोचला तो २०१९ मध्ये. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून २८ ऑगस्ट रोजी बाल्मोरल येथे राणीने आदेश दिला, १० सप्टेंबरच्या पहाटे तो अमलात आला, आणि १४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ब्रेक्झिटच्या मुदतीपूर्वीच्या ऐन मोक्याच्या पाच आठवड्यांत, पार्लमेंट बंद राहणार असे ठरले. हा समारंभ पाहण्यासारखा असतो: तांबडे झगे घातलेले राजप्रतिनिधी उमरावांच्या सभागृहात सिंहासनापुढे बसतात, कॉमन्सच्या सभासदांना बोलावणे जाते, मंजुरी मिळालेल्या कायद्यांची नावे एकेक करून वाचली जातात, आणि प्रत्येक नावानंतर कारकून जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘राजाची तशी इच्छा आहे’ असे म्हणतो; तेव्हा राणी गादीवर असल्याने ते शब्द ‘ला रेन ल व्ह’, म्हणजे ‘राणीची तशी इच्छा आहे’, असे होते. त्या दिवशी ज्याला अशी मंजुरी मिळाली ते विधेयक पार्लमेंटच्याच जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे होते. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की पार्लमेंटला आपले काम करण्यापासून सबळ कारणाशिवाय रोखणारी ही सत्रसमाप्ती बेकायदा होती, आणि राजप्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन सभागृहात आले होते असे समजावे. कोऱ्या कागदाने काहीच घडत नाही, म्हणून तेथे दिलेली मंजुरीही गळून पडली आणि इमारतीच्या दुरुस्तीच्या विधेयकाला ऑक्टोबरमध्ये पुन्हा मंजुरी द्यावी लागली.

कॅनडाचे उदाहरण आपल्या पुस्तकात असेल तर तेथेही हाच शब्द येईल. डिसेंबर २००८ मध्ये अविश्वासाच्या मतदानाला सामोरे जाण्याऐवजी पंतप्रधान हार्पर यांनी गव्हर्नर जनरल मिशेल जाँ यांच्याकडून सत्र संपवून घेतले होते.

इंग्रजी बातम्यांत २०१९ मध्ये सर्रास ‘सस्पेंड’ हे सोपे क्रियापद वापरले गेले. त्यावरून मराठीत ‘पार्लमेंट निलंबित’ असे म्हणू नये. निलंबन शिक्षा म्हणून होते, आणि येथे तर सत्र रीतसर संपवले जाते.

वकिलीण

सह्यकडा यांनी ब्रिटनची बाजू उत्तम मांडली आहे, परंतु मराठी शब्दाची निवड करताना भारताच्या संविधानाकडे पाहणे अधिक सोयीचे ठरेल, कारण आपल्याकडे तहकुबी, सत्रसमाप्ती आणि विसर्जन हे तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे ठेवलेले आहेत. बैठक तहकूब करणे हे अध्यक्षांचे काम. ती तासाभरासाठी, दिवसासाठी किंवा अनिश्चित काळासाठी तहकूब होऊ शकते. सत्र संपवणे हे अनुच्छेद ८५ नुसार राष्ट्रपतींचे आणि अनुच्छेद १७४ नुसार राज्यपालांचे काम, आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. लोकसभा किंवा विधानसभा विसर्जित करणे ही तिसरी गोष्ट. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, पण तिचे सत्र मात्र संपते, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा घोळ मिटतो. ‘प्रोरोग’साठी संविधानाच्या हिंदी पाठात ‘सत्रावसान’ आणि मराठीत ‘सत्रसमाप्ती’ हे शब्द आहेत. ‘बरखास्त’ हा फारसी शब्द मुळात ‘उठलेला’ या अर्थाचा आहे, दरबार उठला या अर्थाने तो शोभतो, आणि आज तो सरकार किंवा विधानसभा घालवण्याशी इतका जोडला गेला आहे की येथे तो वापरणे धोक्याचे आहे.

हा फरक केवळ कोशापुरता नाही. सत्र अनिश्चित काळासाठी तहकूब झाले तरी ते जिवंत असते, आणि अध्यक्ष कोणालाही न विचारता सभागृह पुन्हा बोलावू शकतात. सत्रसमाप्ती झाली की पुन्हा राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या आमंत्रणाची गरज पडते. अध्यादेशाचेही तसेच आहे. दोन्ही सभागृहांचे सत्र चालू असताना अनुच्छेद १२३ खाली अध्यादेश काढता येत नाही. एका सभागृहाचे सत्र संपलेले असले तरी पुरते. म्हणून मार्च २०१५ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत फक्त राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि एप्रिलच्या सुरुवातीला भूसंपादनाचा अध्यादेश नव्याने काढला गेला.

माझ्या मते या विषयावरचा सर्वांत बोलका खटला पंजाबचा आहे. ७ मार्च १९६८ रोजी गोंधळाचे कारण देऊन अध्यक्षांनी पंजाब विधानसभा दोन महिन्यांसाठी तहकूब केली. अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाचा ठराव आलेला होता, आणि ३१ मार्चपूर्वी अर्थसंकल्प संमत झाला नसता तर राज्याच्या तिजोरीतून पैसा काढणे अशक्य झाले असते. तहकुबी अध्यक्षांची, ती मोडण्याचा अधिकार इतर कोणाला नाही. तेव्हा राज्यपाल डॉ. डी. सी. पावटे यांनी ११ मार्चला सत्रच संपवले. सत्र संपले म्हणजे त्या सत्रातील तहकुबीही संपली. दोन दिवसांनी आर्थिक कामकाजाविषयीचा अध्यादेश निघाला आणि १८ मार्चला सभागृह नव्या सत्रासाठी बोलावले गेले. अध्यक्षांनी ते बोलावणेच बेकायदा ठरवून सभागृह सोडले, उपाध्यक्षांनी आसन घेतले आणि खर्चाची विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी वैध ठरवली. लंडनमध्ये ज्या अधिकाराने चालू सभागृह बंद पडले, त्याच अधिकाराने चंडीगडमध्ये बंद पडलेले सभागृह उघडले.

पंजाबनेच याची दुसरी बाजूही दाखवली. मार्च २०२३ मध्ये तेथील विधानसभा अनिश्चित काळासाठी तहकूब झाली, परंतु सत्रसमाप्ती केली गेली नाही, आणि जूनमध्ये अध्यक्षांनी तेच सत्र पुढे चालवून विधेयके संमत करून घेतली. राज्यपालांनी त्या बैठकांना आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये बैठका वैध मानल्या, पण सत्र कायमचे लटकत ठेवण्यासाठी तहकुबीचा वापर होऊ नये असेही बजावले.

शब्द नीट न कळल्याने काय होते तेही पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये पश्चिम बंगालच्या राज्यपालांनी विधानसभेच्या सत्रसमाप्तीचा आदेश समाजमाध्यमावर टाकला, तेव्हा त्यांनी विधानसभेवर कुऱ्हाड चालवली असा समज होऊन दुसऱ्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत टीका गेली. तो आदेश राज्य सरकारच्याच शिफारशीवरून निघाला होता.

अक्षरवाट

‘सत्रसमाप्ती’ हा शब्द मला पटला. एक शंका मात्र राहते. आपल्या विधिमंडळाच्या बातम्यांत, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या शेवटी विशेषतः, ‘अधिवेशन संस्थगित झाले’ असेच वाचनात येते. तो शब्द रूढ असताना दुसरा का घ्यावा, असे संपादक विचारतील.

वकिलीण

संपादकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण सभागृहात राज्यपालांचा आदेश वाचला जातो तेव्हा ‘संस्थगित’ हाच शब्द कानावर पडतो आणि बातमीदार तो तसाच उचलतात. तरीही पाठ्यपुस्तकासाठी मी तो सुचवणार नाही. ‘स्थगित’ म्हणजे तात्पुरते थांबलेले, आणि त्याआधी ‘सम्’ लावल्याने विद्यार्थ्याला फार तर एवढेच कळेल की हे जरा जास्त थांबलेले आहे. सत्र संपले, हे त्यातून कळत नाही. ज्या दोन गोष्टींतला फरक शिकवायचा आहे त्यांची नावे एका उपसर्गाने वेगळी असणे सोयीचे नाही. पहिल्या वापराच्या ठिकाणी ‘सत्रसमाप्ती, ज्याला विधिमंडळात संस्थगिती असेही म्हणतात’ एवढे लिहून पुढे एकच शब्द चालवावा.

ब्रिटनच्या प्रकरणात मात्र एक वाक्य जास्तीचे घालावे लागेल. ब्रिटनमध्ये सत्र संपले की, खास ठराव करून पुढच्या सत्रात नेलेली विधेयके वगळता, प्रलंबित विधेयके मरतात. आपल्याकडे संविधानकारांनी अनुच्छेद १०७ मध्ये स्पष्टच लिहून ठेवले की सत्रसमाप्तीमुळे संसदेतील प्रलंबित विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होणार नाही, आणि राज्यांसाठी अनुच्छेद १९६ मध्ये तशीच तरतूद केली. लोकसभेत सत्रसमाप्तीने बहुतेक प्रलंबित सूचना तेवढ्या रद्द होतात. महाराष्ट्रातील विद्यार्थी आपल्याकडचा अनुभव मनात धरून ब्रिटनचे प्रकरण वाचेल, आणि पंतप्रधानांनी पाच आठवड्यांची सुट्टी दिली तर एवढा गहजब कशासाठी, असे त्याला वाटेल.

पुराणवस्तू

आपल्या पुस्तकात या कुळातील आणखी क्रियापदे नक्की भेटतील, म्हणून एक पुरवणी जोडतो. रोमन कायदेपंडितांनी ‘रोगारे’ला वेगवेगळे उपसर्ग लावून कायद्याच्या प्रत्येक अवस्थेला नाव दिले होते. कायदा संपूर्ण काढून टाकणे ते ‘आब्रोगारे’, त्याचा काही भाग काढणे ते ‘देरोगारे’, त्यात भर घालणे ते ‘सुब्रोगारे’. पहिल्यापासून इंग्रजी ‘ॲब्रोगेट’ आले. अनुच्छेद ३७० च्या संदर्भात ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्याकडे ते रोज छापून येत होते, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनहून त्याचे भावंड ‘प्रोरोग’ बातम्यांत दाखल झाले. दुसऱ्यापासून आलेले ‘डेरोगेट’ मानवी हक्कांच्या करारांत आढळते, आणि तेथे ‘रद्द करणे’ असे भाषांतर केले तर अर्थाचा विपर्यास होतो, कारण आणीबाणीपुरती काही बंधनांतून सूट घेणे एवढाच त्याचा आवाका आहे. तिसऱ्याचे एक रूप ‘सुर्रोगारे’, म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्याची निवड करणे. ‘सरोगसी’ हा आता मराठीत रुळलेला शब्द त्यातूनच आला.

आणि ‘प्रेरॉगेटिव्ह’ही याच घरातला. रोमन निवडणुकीत पहिल्या वर्गातील ज्या मतदारगटाला चिठ्ठी टाकून सर्वांत आधी विचारले जाई, त्याला ‘प्रायरोगातिवा’ म्हणत. त्याचा कौल शुभशकुन मानला जाई आणि बाकीचे गट बहुधा तिकडेच झुकत, म्हणून त्या शब्दाला अग्रहक्काचा अर्थ आला. ब्रिटनमध्ये पार्लमेंट ‘प्रोरोग’ करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नसून राजाच्या ‘प्रेरॉगेटिव्ह’मधून, म्हणजे परमाधिकारातून, येतो. २०१९ च्या खटल्याचा वृत्तांत भाषांतरित करताना हे दोन शब्द एकाच वाक्यात वारंवार समोर येतील. पैकी दुसऱ्यासाठी ‘विशेषाधिकार’ वापरू नये, कारण तो शब्द आपल्याकडे सभागृहाच्या आणि सदस्यांच्या हक्कांसाठी राखलेला आहे, आणि त्या खटल्यात नेमका त्यांच्याच विरुद्ध बाजूचा अधिकार तपासला जात होता.